हजारातून सहाशे चाळीस: ‘शाळेतले खेळ बंद करा’ म्हणणाऱ्यांना

गेले पंधरा दिवस गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. कोणी लिहिला कोण जाणे, पण तिघांनी तो ‘बाई, वाचा जरा’ म्हणून मला वेगळा पाठवला. मजकूर थोडक्यात असा: हल्ली शाळेत शिकवत नाहीत, खेळ घेतात. त्यात अभ्यासाचा वेळ जातो. ही सगळी परदेशी थेरं. आमच्या वेळी छडी होती, पाढे होते, म्हणून आम्ही घडलो. आताच्या पोरांना साधी वजाबाकी येत नाही.

मी मालवण तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. मेसेजचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण ते अर्धं खरं आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिची आई सकाळी लिलावात मासळी घेते आणि बाजारात बसून विकते. सुट्टीच्या दिवशी मुलगीही शेजारी बसते. तिला तोंडी विचारलं, ‘गिऱ्हाइकाने पाचशेच्या दोन नोटा दिल्या, बांगडे झाले सहाशे चाळीसचे. परत किती?’ माझं बोलणं संपायच्या आत ‘तीनशे साठ’. कसं काढलंस? ‘साठ घातले की सातशे, वर तीनशे.’

तेच गणित फळ्यावर उभं मांडून दिलं. उत्तर आलं १६४०. शून्यातून चार जात नाहीत, म्हणून तिने चारातून शून्य वजा केलं. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून शून्य. उरलेला एक खाली आला. हजारातून काढून हजाराहून जास्त उरले, त्याचं तिला काहीच वाटलं नाही. दोन उत्तरं वेगळी कशी, असं विचारलं तर म्हणाली, ‘बाई, ता तोंडी आणि ह्या वहीतला.’

जिला बाजारात कोणी एक रुपयाला फसवू शकत नाही, ती वहीत बाराशे ऐंशी रुपयांनी चुकली. आणि हे खेळामुळे झालं नाही. वजाबाकी तिला मांडणीनेच शिकवली गेली होती, फळ्यावर, शिस्तीत.

ही एकट्या मालवणची गोष्ट नाही. २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं अवघड हिशेब मनात करतात, पण शाळेच्या मांडणीत अडतात, असं त्यांना दिसलं. त्याची दुसरी बाजू मेसेजवाल्यांनी जरूर वाचावी: बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं कागदावरची गणितं त्यांच्यापेक्षा बरी सोडवतात, पण व्यवहारातला हिशेब त्यांना जड जातो.

मग मी वर्गात बाजार मांडला. शिंपल्यांचे वाटे, कागदाच्या शंभराच्या, दहाच्या, एकाच्या नोटा. विकणाऱ्याकडे दहाच्या नोटा नसल्या की शंभराची एक नोट ‘बँके’त जाऊन सुटी करून आणायची. वजाबाकीत शतक सुटं करणं म्हणतात ते हेच. नियम एकच, प्रत्येक व्यवहार त्याच क्षणी दोघांनी आपापल्या वहीत उभा मांडायचा आणि हातातल्या पैशांशी ताडून बघायचा. तिसऱ्या दिवशी तिने आपण होऊन मागचं पान काढलं आणि १६४० खोडलं.

वेळ जातो का? जातो, वाईट खेळात जातोच. दोन पोरं धावत जाऊन शब्दाचं कार्ड उचलतात, बाकीची बावीस ओरडतात आणि बाई फोटो काढतात, हेही मी पाहिलंय आणि केलंयसुद्धा. पण फळ्यापाशीही एक जण गणित सोडवतो आणि बाकीचे खिडकीतून माड मोजतात. बाजारात जोड्या असतात. अर्ध्या तासात प्रत्येकाची सात-आठ गणितं होतात. मी एवढंच मोजते.

खेळाची बाजू घेणाऱ्यांनी एक गोष्ट लपवू नये. २०१७ साली ‘सायन्स’मध्ये दिल्लीतल्या बालवाड्यांवरचा अभ्यास आला होता. संख्या आणि आकारांचे खेळ खेळलेल्या मुलांची अंदाजाची समज वाढली, वर्षभरानंतरही टिकली. शाळेतल्या आकडेमोडीत मात्र फायदा दिसला नाही. म्हणूनच माझ्या बाजारात वही सक्तीची आहे.

‘परदेशी थेरं’ वाचून हसू आलं. बोर्डी कुठे आहे? आपल्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, आजच्या पालघर जिल्ह्यात. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तिथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं बाजूला ठेवून गावात मिळेल त्यावर त्या शिकवत. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळा कुरणात नेली. मूळ विचार माँटेसोरीबाईंचा, इटलीचा, हे खरंच. काजूही पोर्तुगीजांनी आणला. तो आपण परत नाही पाठवला.

छडीबद्दल फार लिहीत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने ती बंद केली आहे. पाढ्यांशी माझं भांडण नाही, माझा वर्ग रोज म्हणतो, तीसपर्यंत. पण ‘आम्ही घडलो’ म्हणणाऱ्यांनी आपल्या चौथीच्या वर्गातली पोरं आठवून बघावीत. मार खाऊन शाळा सोडून जी होडीवर गेली, ती या ग्रुपवर मेसेज लिहायला नाहीत.

ग्रुपवर त्या मेसेजखाली कोणीतरी विचारलंय, ‘या साहित्याचे पैसे कोण देतं?’ शिंपल्या किनाऱ्यावरच्या, नोटा जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या. मोजायला चिंचोके लागतात, ते मात्र पावसात बुरसतात आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये फेकावे लागतात. कोणाच्या घरी कोरडे, डब्यात बंद ठेवलेले असतील तर पाठवून द्या.