परीक्षेचं नेमकं काय करायचं?

इंग्रजी वाक्यात 'एक्झाम' हा शब्द आठवला की निम्मं काम झालं, असं समजू नका. खरी गोची पुढे आहे. त्या एक्झामचं करायचं काय, म्हणजे तिला क्रियापद कोणतं लावायचं? अशा वेळी शब्दकोश अजिबात उघडू नका. तिथे उत्तर सापडतं, आणि उत्तर सापडलं की चारचौघांत ठासून बोलायची मजा जाते.

आपण मराठीत परीक्षा देतो, तेव्हा इंग्रजीतही बिनधास्त 'गिव्ह' करा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं, तेव्हापासून इथली पोरं परीक्षा देतच आली आहेत. हे ऐकून एखाद्या इंग्रजाला वाटतं, समोरचा पेपर काढणारा प्राध्यापक असावा. वाटू दे की! बावीस वर्षांच्या पोराला फुकटात प्राध्यापकी मिळते, त्यात नुकसान कोणाचं? अमेरिकेत विद्यार्थीच एक्झाम 'टेक' करतात, पण त्यांचं ऐकू नका. परीक्षा घेतो तो मास्तर, एवढं आपल्याला बालवाडीपासून ठाऊक आहे. लंडनची पोरं तर एक्झामला 'सिट' करतात. मुंबईत हे जमायचं नाही. विरार लोकलमध्ये चौथी सीट मिळेना, आणि हे चालले परीक्षेला बसायला!

इंग्रजी क्रियापदांना लॉजिकच नाही, असं कोणी म्हणालं की जोरात मान डोलवा. होमवर्क 'डू' करायचा आणि मिस्टेक मात्र 'मेक' करायची, काय हा पोरकटपणा! आपलं कसं सरळ असतं. पंखा लावला की सुरू होतो, दार लावलं की बंद होतं. कुकर लावला की शिट्टी होते, आणि वाट लावली की काय होतं ते तुम्हाला मुंबईत वेगळं सांगायला नको. आपण हाक मारतो, मिठीसुद्धा मारतो, आणि कुणाला लागत नाही. बोलणी खाऊन पोट भरत नाही, पैसे खाऊन (निदान काहींचं) भरतं.

'डिसिजन'ची तर काळजीच सोडा. 'टेक' ब्रिटिश वळणाचं, 'मेक' अमेरिकन. क्लायंट बघून बोला. बीकेसीतल्या बड्या ऑफिसांत डिसिजन तसंही वरूनच येतं.

तरीही अडलात, तर इंग्रजी फक्त लोकलमध्ये बोला. नाम खणखणीत म्हणायचं आणि क्रियापद 'पुढील स्टेशन दादर'च्या खाली सरकवायचं. घोषणा तीन भाषांत होते, तेवढ्यात तीन क्रियापदं सहज निभावतात. ऑफिसात ही सोय नाही. तिथे 'डू द नीडफुल' लिहा. गोऱ्या साहेबांनी ते केव्हाच टाकून दिलं, आपण जपून ठेवलंय. नीडफुल म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही, त्यामुळे काही करावंही लागत नाही.

फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून जपा. गिरगावात आमच्या शेजारचा नातू परवा दप्तर भिरकावत आला, "आजी, आय गेव्ह माय एक्झाम!"

आजी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "नीट बसलास ना रे परीक्षेला?"

"बसलास काय आजी," पोरगा वैतागला, "'दिलीस' म्हण!"