‘रोज पेपरात येतं, म्हणजे खरंच असणार’: परप्रांतीयांवरच्या फॉरवर्डला उत्तर

नाशिकच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मजकुराचं म्हणणं असं: सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहतींमधले गुन्हे परप्रांतीयच करतात, रोजच्या बातम्या हाच पुरावा, मजुरांच्या हालांच्या बातम्याही येतात, म्हणजे चित्र समतोल आहे, आणि खुद्द पत्रकारांना यात काही खटकत नाही.

‘रोजच्या बातम्या हाच पुरावा.’ गुन्ह्याची बातमी बहुतेक वेळा पोलिसांच्या प्रेसनोटवरून होते. तिच्यात आरोपीचं वय, सध्याचा पत्ता आणि ‘मूळ रा.’ असतं. मूळ पत्ता उत्तर प्रदेशचा असला की डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादित होतात तिथे, मथळा होतो, ‘परप्रांतीय तरुणाला अटक’. आरोपी नाशिकच्याच पंचवटीचा असेल तर नुसतं ‘तरुणाला अटक’. वाचकाच्या डोक्यात मोजणी पहिल्याचीच होते. शिवाय बातमी अटकेची असते. निकाल काही वर्षांनी लागतो, आणि निर्दोष सुटल्याच्या दोन ओळीही क्वचितच छापल्या जातात.

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या) वार्षिक गुन्हे अहवालात आरोपी स्थलांतरित आहे का, असा रकानाच नाही. तुरुंगांच्या आकडेवारीत कैद्याचं राज्य मिळतं, पण त्यावरून गुन्हेगारी मोजणं चूक आहे. बाहेरगावच्या माणसाला स्थानिक जामीनदार सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे तो कच्च्या कैदेत, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात, जास्त दिवस राहतो आणि यादीत दिसत राहतो.

‘हालांच्या बातम्याही येतात.’ येतात, संकट आलं की. मे २०२० च्या लॉकडाउनमध्ये नाशिक रोडहून भोपाळला, लखनौला श्रमिक गाड्या सुटल्या, तेव्हा कॅमेरे तिथे होते. एरवी ओव्हरटाइम, पीएफ, ठेकेदाराने कापलेली मजुरी यांवर लिहायला बहुतेक ठिकाणी कामगार बीटच, म्हणजे त्या विषयाचा नेमलेला बातमीदारच, नाही. सुरगाणा-पेठहून ऑक्टोबर छाटणीला निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत उतरणारे मजूरही स्थलांतरितच. त्यांची आठवण गारपीट झाली की होते, तीही बागायतदाराच्या नुकसानीच्या बातमीत.

‘पत्रकारांना खटकत नाही.’ खटकतं, आणि डेस्कवर यावरून वाद होतात. ‘पोलिसांनीच दिलंय, खोटं कुठेय?’ हा नेहमीचा बचाव असतो. पण माहिती खरी असणं पुरेसं नाही, ती त्या गुन्ह्याशी संबंधित हवी. जात-समाजाची ओळख बदनामीकारक संदर्भात टाळावी, असं प्रेस कौन्सिल या वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे निकषही सांगतात. तोच न्याय प्रांताला लावायला हरकत काय? पण अनेक पोलिस ठाण्यांना एकच क्राइम रिपोर्टर, आणि पान छपाईला सोडायची वेळ झालेली. मग प्रेसनोट जवळपास तशीच जाते.

मार्च २०२३ मध्ये तामिळनाडूत बिहारी मजुरांना मारल्याचे खोटे व्हिडिओ पसरले. काही माध्यमांनी न तपासता ते चालवले आणि तिथले कामगार भेदरले. खुद्द नाशिकमधून फेब्रुवारी २००८ मध्ये हजारो उत्तर भारतीय मारहाणीच्या भीतीने निघून गेले होते. म्हणून मथळ्याचा एक शब्दही आम्हा पत्रकारांना किरकोळ वाटत नाही.

उपाय साधा आहे. आरोपी स्थानिक असता तर त्याचं मूळ गाव मथळ्यात घेतलं असतं का, हे उपसंपादकाने बघावं. नसेल तर काढावं. अटकेच्या बातमीची तारीख आणि गुन्हा क्रमांक नोंदवून निकालापर्यंत पाठपुरावा करावा. आणि कामगाराला ठेकेदारासमोर गाठू नये. शिफ्ट सुटल्यावर, त्याच्या खोलीवर, नाव-कंपनी छापणार नाही हे आधी सांगून विचारलं, तर तो मजुरीबद्दल बोलतो.