नानाची शुगर

आमच्या घरातला नाना म्हणजे बोका आहे, हे आधीच सांगून टाकतो. ते वेळेवर न सांगितल्यामुळे गेल्या वर्षभरात बरेच घोटाळे झाले.

अकरा वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात, डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगखाली, विजेच्या मीटरमागे तो भिजत बसलेला सापडला. मुठीएवढा जीव, पण चेहऱ्यावर भाव असा की याची पेन्शन अडकली आहे आणि ती आम्हीच अडकवली आहे. म्हणून नाना. पुढे यथावकाश नसबंदी झाली, गॅलरीतून कबुतरांना शिव्या घालणं एवढाच व्यायाम उरला, आणि आईच्या हातच्या दूध-पोळीवर नाना पावणेसात किलोंचा झाला.

सुरुवात पाण्यापासून झाली. जन्मात पाण्याच्या भांड्याकडे ढुंकून न बघणारा नाना बादलीत, तांब्यात आणि एके दिवशी थेट देवघरातल्या पंचपात्रात तोंड घालताना सापडला. त्याच्या शू करायच्या मातीच्या ट्रेमध्ये लिंबाएवढी ढेकळं निघायची, ती मोसंब्याएवढी निघायला लागली. खाणं दुप्पट झालं आणि वजन मात्र उतरत चाललं. मी हे सगळं बायकोला काळजीने सांगत होतो, तेव्हा आई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली, "शुगर आहे त्याला."

आम्ही दोघं हसलो. आईला एकोणीस वर्षं डायबेटीस आहे, तिला सगळीकडे शुगरच दिसते. टीव्हीवरचा एखादा पुढारी भाषण करताना दोनदा पाणी प्यायला तरी ती त्याचं निदान करून मोकळी होते.

मग नानाची चाल बदलली. मांजर चालतं ते बोटांवर, टाच वर ठेवून. नाना मागचे पाय पार टाचेपर्यंत टेकवून फतक फतक चालायला लागला, नवी चप्पल चावल्यासारखा. शुगर फार दिवस वाढलेली राहिली की मागच्या पायांच्या नसांवर परिणाम होतो, हे डॉक्टर मॅडमनी नंतर सांगितलं. तपासणीच्या टेबलावर मशीनने आकडा दाखवला 412. मी घाबरलो, मॅडम नाही. "हा आकडा मी खरा धरत नाही," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात आणलं की भीतीनेच मांजराची साखर चढते. धडधाकट मांजराचीसुद्धा तीनशेच्या पुढे जाऊ शकते." मला एकदम जवळचं वाटलं. माझं बीपी सासुरवाडीला असंच चढतं. म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ताची तपासणी केली. ती साधारण मागच्या दोन आठवड्यांचा हिशेब दाखवते, त्यामुळे त्या दिवशीच्या भीतीला त्यात जागा नसते. रिपोर्ट आला. आईचं निदान बरोबर होतं, आणि तेही बिनाफीचं.

"हा आजार कुणाला जास्त होतो?" मी विचारलं.

"नर, वय झालेला, वजन जास्त, दिवसभर एका जागी बसून," मॅडम म्हणाल्या. बायको माझ्याकडे बघत होती.

बाहेर ज्याला ज्याला सांगितलं त्याचा पहिला प्रश्न एकच: "फार गोड खायचा का हो?" आता गंमत अशी की मांजराला गोड लागतच नाही. गोडाची चव ओळखायला जी जीनची जोडी लागते, तिच्यातली एक मांजराच्या अख्ख्या खानदानात निकामी आहे, वाघ-चित्त्यांतसुद्धा. हे 2005 साली शोधून काढलंय शास्त्रज्ञांनी. म्हणजे ज्याने आयुष्यात गुलाबजाम कशाशी खातात हे जाणलं नाही, त्याला साखरेचा आजार. आणि मी दिवाळीत चकलीच्या आडून सहा करंज्या संपवणारा माणूस, मला फक्त बीपी. या हिशेबात कुणीतरी कारकुनी चूक केली आहे.

उपचार ठरला: ग्लार्जीन इन्सुलिन, दोन युनिट, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. बारा तासांचं अंतर म्हणजे बारा तासांचं. दूध-पोळी, दहीभात, कोरडे दाणे बंद. पिठूळ काही नको, मांसाहार हवा. आमच्या स्वयंपाकघरात आजवर अंडं शिरलेलं नाही. आईने अर्धा दिवस विचार करून तोडगा काढला की चिकन गॅलरीत शिजवावं, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात, आणि शिजवणाऱ्याने आंघोळ करूनच आत यावं. शिजवणारा मी. त्यामुळे जानेवारीत मी दिवसाला दोन आंघोळी करत होतो आणि खालच्या मजल्यावरचे लोक "आज काय बेत?" म्हणून वर बघत होते.

संध्याकाळी सातला घरी पोचायचं तर ऑफिसातून लवकर निघायला हवं. साहेबांना मी म्हणालो, "घरी नानांना इन्सुलिन द्यायचं असतं." साहेब हळवे झाले. "कितीचे आहेत? ऐंशीच्या पुढे?" मी मोघम मान हलवली. मांजराची अकरा वर्षं म्हणजे माणसाची साठ, असं कुठंतरी वाचलं होतं, त्यामुळे अगदीच खोटं बोललो असं मी मानत नाही.

आता सुईबद्दल. लोकांना वाटतं सुई टोचणं अवघड. सुई केसासारखी बारीक असते, नानाला ती टोचल्याचं कळतसुद्धा नाही. अवघड आहे ते नानाच्या अंगावर मोकळी कातडी शोधणं. चिमटीत कातडी उचलायची, तिचा छोटा तंबू होतो, त्या तंबूत सुई शिरवायची. पहिल्या दिवशी मी तंबूच्या या दारातून शिरलो आणि त्या दारातून बाहेर पडलो. इन्सुलिन नानाच्या केसांवर, आणि खोलीभर दवाखान्याचा वास. पुन्हा द्यायचं नाही, असा नियम आहे. किती आत गेलं याची खात्री नसेल तर दुसरा डोस द्यायचा नाही, एक वेळ साखर चढलेली परवडते. त्यामुळे मी नुसताच नानाचा ओला केस हुंगत बसलो. नाना चिकन खात राहिला. त्याने एकदाही वळून बघितलं नाही.

साखर बघायची कानाच्या कडेने. तिथे एक बारीक शीर असते. आधी कान चोळून गरम करायचा, कडेला पेट्रोलियम जेली लावायची म्हणजे रक्त केसांत पसरत नाही, मोत्यासारखा थेंब उभा राहतो. तो पट्टीवर घ्यायचा. हे वाचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात नाना कान झटकतो, आणि थेंब पट्टीवर न जाता माझ्या चष्म्यावर येतो. एक पट्टी वीस-पंचवीस रुपयांना पडते. सुरुवातीच्या महिन्यात मी माझ्या चष्म्याची साखर पुष्कळ वेळा तपासली.

एवढं करून आकडे काही केल्या बसेनात. कधी 190, कधी 340. मी वही घातली, तारखा-वारांचे रकाने आखले, पट्ट्यांवर संशय घेतला, मशीन बदललं. आई रोज शांतपणे विचारायची, "आज किती आली रे त्याची?" आणि आकडा ऐकून "अगं बाई" म्हणायची. त्या "अगं बाई"त जरा जास्तच निरागसपणा आहे, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

याच सुमारास समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन बिऱ्हाड आलं. आमच्या बिल्डिंगच्या भिंती म्हणजे भिंती नव्हेत, जाड पडदे आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ आमच्याकडून पलीकडे जायचं ते असं: "नाना गादीवर मुतला!" "मान धर त्याची, मी टोचतो!" "किती ओरडला तरी खायला देऊ नकोस!" "पाहुणे येतायत, कोंड त्याला गॅलरीत!" लिफ्टमध्ये समोरच्या वहिनी माझ्याकडे बघेनाशा झाल्या. आई भेटली की मात्र हात हातात घेऊन "तुम्ही कशा आहात?" असं विचारायच्या, 'कशा'वर भार देऊन.

मग तो रविवार आला.

आमच्या फ्रिजच्या दारात दोन पेशंटांचं सामान असतं. आईचं इन्सुलिन आपल्याकडचं नेहमीचं, एका मिलीत 40 युनिटवालं. त्याची सिरिंज लाल टोपणाची. नानाचं 100 युनिटवालं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. माझा चष्मा कानाच्या तपासणीनंतर बेसिनवर पडलेला. लाल आणि नारिंगी यांत सकाळी सात वाजता बिनचष्म्याने काय फरक असतो? दोनच रेघा भरल्या. लाल टोपणाच्या सिरिंजच्या रेघा 40च्या हिशेबाने आखलेल्या, त्यामुळे तिच्यात त्या दोन रेघा म्हणजे नानाचे पाच युनिट.

बाराच्या सुमाराला नाना हॉलमध्ये आला आणि फ्रिजवर जाऊन आदळला. मागे झाला, फ्रिजकडे अपमान झाल्यासारखं बघितलं, आणि कुशीवर कलंडला. मशीन म्हणालं 47. बायको फोनवर, मी सिरिंजचं टोपण हातात घेऊन उभा, तोंडातून शब्द नाही. मॅडम सांगत होत्या, "मध हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका. आणि लगेच घेऊन या." त्यांचं वाक्य संपायच्या आत आई मधाची बाटली घेऊन फरशीवर मांडी घालून बसली होती. तिची स्वतःची साखर अशी दोन-तीनदा उतरलेली आहे, तिला सांगावं लागलं नाही. ओठ बाजूला करून ती बोटाने मध चोळत होती. ज्या तोंडात चिकन गेलं म्हणून दोन महिने तिने त्याला सोवळ्यात घेतलं नव्हतं, त्याच तोंडात. "नाना, अरे नाना, डोळे उघड," एवढंच म्हणत होती. बायको रडायला लागली. "नाना गेला की काय हो!"

दवाखान्यात पोचेपर्यंत नाना पिशवीतून गुरगुरायला लागला होता. आकडा 74. मॅडमनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतं?"

"उकडलेलं चिकन, साठ ग्रॅम," मी वही उघडून म्हणालो.

आई भिंतीवरचा कृमींचा तक्ता वाचत होती. तो संपला. मग म्हणाली, "आणि थोडी दूध-पोळी." जरा थांबून, "साय काढून."

त्यावर मॅडम जे बोलल्या ते त्यांनी बोलायला नको होतं. "आजी, एरवी देऊ नका. पण आज त्या पोळीनेच जरा आधार दिला असेल."

त्या वाक्याची आमच्या घरात आता आरती होते. कुठलाही वाद असो, "त्या दिवशी मी पोळी घातली नसती तर," इथपर्यंत आई येते आणि आम्ही गप्प बसतो. मात्र दुसऱ्या दिवसापासून पोळी खरोखरच बंद झाली, आणि टोचायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. नाना ताटलीत तोंड घालतो, ती पदर खोचते, आणि त्याचा पहिला घास उतरायच्या आत सुई कचऱ्याच्या डब्यात असते. नारिंगी टोपणाचा डबा वेगळा, त्यावर तिने गंधाने 'नाना' लिहिलं आहे. आकडे बसले. डोस दोनावरून एकावर आला, पाय पुन्हा बोटांवर आले. काही मांजरांचं इन्सुलिन वेळेत उपचार झाले तर पुढे सुटतंही, असं मॅडम म्हणतात. आईची त्यावर एकच तक्रार आहे: तिचं का सुटत नाही.

पण त्या रविवारची संध्याकाळ सांगायची राहिली. मॅडमनी रात्रीचा डोस चुकवायला सांगितलं होतं, त्यामुळे सात वाजता आम्ही कधी नव्हे ते मोकळे बसलो होतो. बेल वाजली. दारात समोरच्या वहिनी आणि त्यांचे यजमान, हातात दोन शहाळी.

"दुपारी रडण्याचा आवाज आला," वहिनी म्हणाल्या. "आता कसे आहेत नाना?"

नाना आतून आला, शहाळं हुंगलं, आणि त्यांच्या पायांना अंग घासत उभा राहिला. "हा बघा," आई म्हणाली.

वहिनींनी नानाकडे बघितलं, मग गॅलरीकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी यजमान म्हणाले, "आम्ही पोलिसात जाणार होतो उद्या."

ते चहा घेऊन गेले. शहाळी मात्र ठेवून गेले. नानाला चालत नाहीत, मला आवडत नाहीत. रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात आवाज आला म्हणून उठलो, तर ओट्याजवळ आई उभी, हातात ग्लास, पायाशी नाना पहारा देतोय.

"मलई काढून," ती म्हणाली.