३६० अंशांची सफर की हातभर जवळून एक नाणं? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या शासकीय संग्रहालयासारख्या ठिकाणचं ऑनलाइन शिक्षण-संकेतस्थळ नव्यानं कसं बांधावं, या माझ्या लेखात मी पडद्यावर दालन चौफेर फिरवून दाखवणारी सफर काढून टाकावी, लॉगिन नसावं आणि वर्गात छापील कागद वाटावेत असं सुचवलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. ३६० अंशांची ही दालन-सफर काढून टाकली तर जी मुलं तेरला जाऊच शकत नाहीत त्यांनी काय बघायचं? लॉगिन नसेल तर किती मुलं शिकली हे कसं कळणार? आणि डिजिटल म्हणून शेवटी झेरॉक्सच वाटायची का?

सफरीचा आधी हिशेब मांडू. दालनाचं गोल छायाचित्र ८००० पिक्सेल रुंद धरलं तरी एका अंशाला साधारण २२ पिक्सेल येतात. २ सेंटीमीटरचं सातवाहन नाणं कॅमेऱ्यापासून २ मीटरवर असेल, तर त्याच्या वाट्याला जेमतेम १३ पिक्सेल. त्यात उज्जैन चिन्हही (अधिकच्या खुणेच्या टोकांना चार वर्तुळं) दिसत नाही नि ब्राह्मी अक्षरही. वर काचेची चमक. मुलं बोटानं दालन गरगर फिरवतात आणि वस्तू एकही न बघता बाहेर पडतात. त्याच नाण्याच्या दोन्ही बाजूंचे १६०० पिक्सेलचे फोटो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फोटो-प्रकारात साधारण दोनशे-दोनशे केबीत बसतात आणि शिक्षकांच्या मोबाइलवर एकदा उतरवले की वर्गात रेंज नसली तरी चालतात. मात्र फोटो समोरून फ्लॅश मारून काढायचा नाही, उठाव सपाट होतो. प्रकाश फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडून, नाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ लगटून, तिरका हवा. फोटोच्या खालच्या कडेकडून आला तर वर आलेली अक्षरं खोदल्यासारखी भासतात. म्हणून सगळ्या वस्तूंना दिशा एकच ठेवायची.

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे की या संकेतस्थळाचं माप दालन नसून तासिका असावं. ३५-४० मिनिटं, एक वस्तू, एक प्रश्न. सहावीत सातवाहन शिकवताना काय करता येईल ते बघा. पहिली दहा मिनिटं फोटो दाखवायचा, माहितीची पाटी झाकून. "काय दिसतं?" आणि लगेच "कशावरून?" मग दुसरा पुरावा पुढे ठेवायचा. पेरिप्लस या इ.स. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर असल्याचं लिहिलंय. तिथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून गुजरातेतल्या भडोच बंदराला जाई, असंही. तगर म्हणजे आपलं तेर. आता नकाशा आणि पट्टी. पैठण ते तेर सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर भरतं, म्हणजे दिवसाला १५. बैलगाडीला हे जमेल का? वाटेत गोदावरी आणि घाट लागतात, वाट सरळ कशी असेल? आणि ग्रंथ पूर्व म्हणतो, तेर तर आग्नेयेला आहे, मग लिहिणाऱ्यानं ऐकीव लिहिलं असेल का? इथं मुलं भांडतात, आणि ती भांडावीत यासाठीच शिक्षकांच्या पानावर तयार उत्तराऐवजी पुढचे दोन प्रश्न छापलेले असावेत. (इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात १९३८ मध्ये सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि तेरची हस्तिदंती मूर्ती शेजारी ठेवली, तर आठवी-नववीला दुसरी तासिका तयार होते.)

झेरॉक्स ही पीछेहाट नाही. पडद्यावर नाणं ताटाएवढं दिसतं आणि मुलांना ते तेवढंच वाटतं. म्हणून खऱ्या मापाचा कागद हवा. त्यावर ५ सेंटीमीटरची रेघ छापायची आणि मुलांनी आधी ती पट्टीनं मोजायची. रेघ कमी भरली, तर छापताना 'फिट टू पेज' चालू राहिलं होतं असं समजायचं. ते बंद करून १०० टक्क्यांवर पुन्हा छापायचं. फोटोची झेरॉक्स काळा गोळा होते, तेव्हा कागदावर रेखाचित्रच द्यायचं.

लॉगिनबद्दल मी ठाम आहे. घरात मोबाइल एक, तो वडिलांसोबत शेतात, आणि ओटीपी तिकडेच. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येणारी संमती लागते. न लागणारी माहिती गोळाच का करायची? लॉगिनच्या आकड्यावरून पान उघडलं एवढंच कळतं. त्याऐवजी मुलं कोणत्या प्रश्नावर अडली, हे शिक्षकांनी तासिकेनंतर एका ओळीत कळवावं. संग्रहालयाला पान सुधारायला तेच उपयोगी.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण शिक्षक तिथेच सोडून जातात, ती म्हणजे शोध. "नाणे" टाकलं तर "नाण्यावर", "नाणी", "नाणं" सापडत नाही. प्रत्येक वस्तूच्या नोंदीत ही सगळी रूपं आणि तेर-तगर अशी जोडनावं हातानं भरावी लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

आणि सफर सगळीकडून काढून टाका असं मी म्हणत नाही. जिथं जागा हाच पाठ आहे, तिथं ती हवीच. वेरूळचं दहावं लेणं घ्या. त्याच्या छतावर लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात, त्या मान वर करूनच बघायच्या. तिथं एकच गोल दृश्य द्यावं, ४००० पिक्सेलचं, टिचकी मारल्यावरच उतरणारं, आणि सोबत प्रश्न: भार पेलायचा नसताना दगडात वासे कशाला कोरले?