दाराशी समुद्र असला म्हणून रीफ टँक फुकट होत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज बराच फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ज्याचं घर कोकणात, त्याला रीफ टँक, म्हणजे पोवळी आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, फुकटात पडतो. मुंबई-पुण्याच्या लोकांनी मीठ आणि दगड विकत घ्यावेत. आपण पाणी समुद्राचं आणावं, वाळू पुळणीवरची घ्यावी, पोवळी ओहोटीला खडकात सापडतातच. पावसात पाणी आणणं जमलं नाही तर मिठागराचं मीठ आहे. टाकी लहान घ्यावी, लहान म्हणजे सोपी. पाण्यातच जिवाणू असल्यामुळे दुसऱ्या दिवशी मासे सोडले तरी चालतात.

यातली पाण्याची गोष्ट अर्धी खरी आहे. समुद्राच्या पाण्यावर टाकी चालते, पण ते कुठलं आणि कधीचं, यावर सगळं अवलंबून. खुल्या समुद्रात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मालवणजवळ देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी किंवा कोळंब खाडीच्या तोंडाशी जुलैत कॅन बुडवलात, तर नदीचं गोडं पाणी आणि लाल गाळ घरी येईल. बंदराजवळ डिझेलचा तवंग आणि मासळी धुतलेलं पाणी असतं, म्हणजे अमोनिया आणि फॉस्फेट आयते टाकीत. आणायचंच तर कोरड्या दिवसांत, खाडीपासून लांब, भर भरतीला, शक्यतो होडीने आत जाऊन आणावं. कापडातून गाळून, झाकण लावून काही दिवस अंधारात निवळू द्यावं, मग खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजावं. विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) 1.025 च्या आसपास हवं. खारटपणा जिभेवर ठरवणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आमटीपुरतंच विचारावं.

जिवाणूंचा दावा मात्र चुकीचाच. माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडाला, वाळूला, फिल्टरच्या स्पंजला चिकटून वाढतात. कॅनमधल्या पाण्यात ते नगण्य असतात. त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा आणू नये.

‘लहान म्हणजे सोपी’ हा सल्ला सर्वांत महागात पडतो. दीड फुटी टाकी म्हणजे साधारण 40 लिटर. त्यातलं दोन लिटर पाणी उडालं, की 35 ची क्षारता जवळजवळ 37 वर जाते. 200 लिटरच्या टाकीत तेवढ्यानेच ती 35.4 होते. शिवाय उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. पातळी उतरली की बरेच जण समुद्राचंच पाणी ओततात. 40 लिटरच्या टाकीत रोज एक लिटर असं ओतलं, तर दहा दिवसांत 350 ग्रॅम जादा मीठ साचून क्षारता 43 च्या वर पोहोचते. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्यानेच करायची. विहिरीचं पाणी कितीही नितळ असलं तरी त्यातले विरघळलेले क्षार टाकीत साठत जातात. समुद्राचं पाणी पाणी बदलताना वापरायचं, आणि तेही फार लागत नाही: आठवड्याला दहा टक्के म्हणजे चार लिटर.

मिठागराचं मीठ. शिरोड्याची मिठागरं 1930 च्या सत्याग्रहामुळे सगळ्यांना ठाऊक आहेत. वाफ्यात पाणी आटत जातं तसं आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं. म्हणजे हाती येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. पोवळ्याला लिटरमागे सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1,300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं. मीठ विरघळवून खारं पाणी होईल, समुद्र होणार नाही.

वाळूबद्दल थोडक्यात: आपल्या पुळणींवर बहुतांशी गारगोटीची वाळू, आणि रत्नागिरीच्या बाजूला लोह-टायटॅनियमचं काळं इल्मेनाइट. रीफ टँकला लागते ती चुनखडी वाळू वेगळी. जांभ्याचे तुकडे टाकण्याचा सल्लाही दिसला; लाल भुकटी सुटून पाणी गढूळ करायचं असेल तर जरूर टाका.

आता पोवळी. इथे प्रश्न टाकी चालण्या-न चालण्याचा उरतच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळी कठीण पोवळी, काळी पोवळी आणि समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराची पोवळी) पहिल्या अनुसूचीत, वाघाच्याच रांगेत आहेत. शिक्षा किमान तीन ते सात वर्षांपर्यंत कैद, वर दंड. पुळणीवर वाहून आलेला मेलेला तुकडाही यातून सुटत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र तर 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, पोराइटीससारखं पोवळं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. मुठीएवढा गड्डा छिन्नीने काढायला दोन मिनिटं पुरतात.

मग कोकणातल्या माणसाने काय करावं? पोवळ्यांचा हट्ट सोडून सच्छिद्र सिरॅमिकचे दगड आणि हॅचरीत वाढवलेले क्लाउनफिश ठेवावेत. त्यांची पैदास करण्याचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतातच बसवलेलं आहे.

खर्चाचं म्हणाल, तर मेसेज जे बोलतच नाही तिथेच खरा पैसा जातो. रीफ टँकचं पाणी 24 ते 27 अंशांत राहायला हवं. मे महिन्यात आपल्या खोल्याच 33 च्या वर असतात. पुण्याच्या कोरड्या हवेत पंखा लावून पाणी दोन-तीन अंश उतरतं, कारण ते भराभर उडतं. इथली हवा आधीच दमट, पंख्याने फारसं काही होत नाही. म्हणजे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), आणि त्याचं वीजबिल. त्यात आगोटीच्या वाऱ्यापावसात वीज जाते, पंप थांबतो आणि गरम पाण्यातला प्राणवायू झपाट्याने संपतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीबरोबरच विकत घ्यावा, मासे आणण्याआधी.