ओसेर: परीकथा नव्हे, चव्वेचाळीस वर्षांचा हिशोब

फ्रेंच फुटबॉलचा विषय निघाला की ओसेरची गोष्ट 'छोट्या गावाचा चमत्कार' म्हणून सांगितली जाते. मला हे मनापासून खटकतं. चमत्कार म्हटलं की त्यामागचं काम दिसेनासं होतं, आणि या क्लबचं खरं मोल त्या कामातच आहे.

बर्गंडीत योन नदीकाठी जेमतेम पस्तीस हजार वस्तीचं हे शहर. शाब्लीच्या द्राक्षमळ्यांपासून जवळच. १९०५ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सने चर्च आणि सरकार वेगळं करणारा कायदा केला, आणि त्याच महिन्यात एर्नेस्त देशाँ या धर्मगुरूंनी इथल्या पोरांसाठी क्लब काढला. आजही स्टेडियम त्यांच्याच नावाचं आहे. तिथे साधारण साडेअठरा हजार माणसं बसतात, म्हणजे अर्धं शहर मावतं.

१९६१ मध्ये गी रू नावाचा बावीस वर्षांचा तरुण इथे खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आला. मधले छोटे खंड सोडले तर २००५ पर्यंत तो तिथेच होता. जाँ-क्लोद आमेल १९६३ मध्ये अध्यक्ष झाले आणि २००९ पर्यंत राहिले. ही जोडी मला कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मोठी वाटते. चार सामने हरले की प्रशिक्षक बदलायचा, हा फुटबॉलमधला नेहमीचा रिवाज. तो इथे कुणी पाळला नाही, म्हणून पंधरा वर्षांच्या मुलावर घातलेला पैसा तो बावीस वर्षांचा होईपर्यंत वाट पाहू शकला.

वर चढायलाही घाई नव्हती. १९७० मध्ये तिसरी श्रेणी, १९७४ मध्ये दुसरी. १९७९ मध्ये दुसऱ्या श्रेणीत असतानाच फ्रेंच कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेची फायनल, जिथे नाँतने जादा वेळेत ४-१ ने हरवलं. १९८० मध्ये पहिली श्रेणी, आणि तिथे सलग ३२ वर्षं मुक्काम.

आता मैदानावरचं. रूचा संघ ४-३-३ खेळायचा (मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन) आणि बचावात कडक मॅन-मार्किंग. प्रत्येक बचावपटूला एक माणूस नेमून दिलेला. तो पाणी प्यायला गेला तरी पाठ सोडायची नाही. सगळ्यांच्या मागे एक मोकळा खेळाडू, लिबेरो. कुणी चकवला गेला की भोक बुजवायचं काम त्याचं. यातला धोका उघड आहे: समोरच्या फॉरवर्ड्सनी जागा अदलाबदल केल्या की तुमचे बचावपटू त्यांच्यामागे ओढले जातात आणि मधोमध रस्ता मोकळा होतो. म्हणून दम आणि वेग नसेल तर ही पद्धत तासाभरात कोसळते. मग तीच का धरून ठेवली? माझ्या मते अकादमीमुळे, म्हणजे पोरं घडवणाऱ्या क्लबच्या शाळेमुळे. झोनल बचावात, म्हणजे माणसाऐवजी आपापली जागा राखायची तिथे, चौघांची एकमेकांशी नाळ जुळायला काळ जातो. मॅन-मार्किंगमध्ये अठरा वर्षांच्या मुलालाही जबाबदारी एका वाक्यात सांगता येते. शिवाय फ्रान्समध्ये मोठ्या क्लबांचे राखीव संघ खालच्या श्रेणींत गावोगावच्या प्रौढ संघांविरुद्ध लीग खेळतात. तिथे धक्के खाल्लेलं पोर वरच्या संघात आलं की बिचकत नाही.

या शाळेतून एरिक काँतोना, बाझिल बोली, जाँ-मार्क फेरेरी आले. पुढच्या पिढीत जिब्रिल सिसे, फिलिप मेक्सेस, बाकारी सान्या. काँतोना १९८८ मध्ये मार्सेयला गेला तो २ कोटी २० लाख फ्रँकना, त्या काळी फ्रान्समधला विक्रम. खेळाडू घडवा, चार-पाच मोसम वापरा, चांगली किंमत आली की विका, आणि तो पैसा पुन्हा पोरांवर घाला. साधं चक्र आहे, पण एक अट आहे: पोरगं किंमत येण्याआधी निघून जाता कामा नये.

त्या चक्राचं फळ १९९३ पासून दिसलं. यूएफा कप या युरोपीय स्पर्धेत गतविजेत्या डच क्लब अयाक्सला घरी ४-२ हरवलं. त्या रात्री पास्काल वाहिरुआचा आत वळणारा कॉर्नर अयाक्सचा गोलकीपर स्टॅन्ली मेंझोच्या हातून निसटून जाळ्यात गेला. त्यानंतर मेंझोची जागा एडविन व्हॅन डर सारने घेतली. उपांत्य फेरीत मात्र डॉर्टमुंडकडून पेनल्टींवर हार. १९९४ मध्ये कप, आणि १९९६ मध्ये लीग आणि कप दोन्ही. त्या मोसमात लिबेरो होता लोराँ ब्लाँ.

घात झाला तो नेमका त्याच सुमारास. डिसेंबर १९९५ च्या युरोपीय न्यायालयाच्या बोस्मान निकालाने करार संपलेला खेळाडू युरोपात फुकट जाऊ लागला आणि परदेशी क्लबांना युरोपीय खेळाडूंवरची मर्यादा उरली नाही. ओसेरची अट तिथेच मोडली. मेक्सेसचं प्रकरण बघा: २००४ मध्ये तो तर करार चालू असतानाच रोमाला गेला. फिफाने रोमाला ७० लाख युरो भरायला लावले, पण तोवर बचावाचा कणा निघून गेला होता. कप २००३ आणि २००५ मध्ये आले, २०१० मध्ये लीगमध्ये तिसरा क्रमांक आला, मग चॅम्पियन्स लीगच्या गटात रेआल माद्रिद, मिलान आणि अयाक्स. दोन वर्षांत, २०१२ मध्ये, संघ खाली दुसऱ्या श्रेणीत.

अनेकजण म्हणतात, रू गेला म्हणून क्लब बसला. मला हे अर्धंच खरं वाटतं. रू असता तरी अठराव्या वर्षी इंग्लंडकडे निघालेल्या पोराला त्याने कसं थांबवलं असतं?

२०१६ मध्ये क्लब चिनी मालकाकडे गेला. २०२२ मध्ये सेंत-एतिएनच्या मैदानावर पेनल्टींवर जिंकून वर, २०२३ मध्ये पुन्हा खाली, २०२४ मध्ये क्रिस्तोफ पेलिसिएच्या हाताखाली दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद घेऊन परत वर, आणि पुढच्या मोसमात अकरावा क्रमांक. यापुढे ओसेरचा सामना बघाल तेव्हा गुणतक्त्याच्या आधी संघाची यादी बघा, आणि त्यात घरच्या अकादमीची किती नावं आहेत ते मोजा.