पोहता येतं, एवढ्यावर स्कुबात भागत नाही

पोहता येतं म्हणून स्कुबात, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली उतरायच्या धंद्यात, करिअर होईल, हा आमच्या मालवण पट्ट्यातला एक पक्का गैरसमज आहे. मी इथे पर्यटकांना स्कुबाला नेतो, त्यामुळे बारावीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. दांडी, वायरी, देवबाग, आचरा, कुठूनही. "ह्याका तुमच्याकडे घाला हो. अभ्यासात लक्ष नाय, पण माशासारखो पेवता." फोन करणारे काका माझ्या वडलांबरोबर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, असायचे, त्यामुळे फोनवर फार काही बोलता येत नाही. म्हणून इथे लिहितोय. लांब आहे, ज्यांच्या घरात असं पोरगं आहे त्यांनीच वाचा.

आधी पोहण्याचंच बोलू. किनाऱ्यावरच्या पोराला लहानपणापासून दम धरून बुडी मारायची सवय असते. स्कुबात पहिला नियम काय? दम कधीही धरायचा नाही. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. सिलिंडरमधून तुम्ही श्वास घेता तो त्या दाबाचा. तो छातीत कोंडून वर आलात तर वर येईपर्यंत तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसाला ती देता येत नाही. ते फाटतं. त्यासाठी दहा मीटरही लागत नाहीत, शेवटचे एक-दोन मीटर पुरेसे असतात. नुसती बुडी मारणाऱ्याला हा धोका नाही, कारण त्याने हवा वरच घेतलेली असते. ती खाली दबते आणि वर येताना पुन्हा होती तेवढीच होते. फरक एवढाच आहे, पण तो पोराच्या अंगात उतरवायला वेळ लागतो. घाबरलं की पट्टीचा पोहणारा काय करतो? दम धरतो आणि थेट वर सुटतो. उलट कोल्हापूरहून आलेला, कमरेएवढ्या पाण्यातही हात न सोडणारा माणूस सांगू तसं ऐकतो, कारण त्याला काही येत नाही हे त्याला माहीत असतं.

पोहणं वाया जातं असं नाही. डाइव्हमास्टर ही इन्स्ट्रक्टरच्या आधीची पायरी, तिच्या परीक्षेत ४०० मीटर पोहायचं असतं, ८०० मीटर मास्क-फिन लावून जायचं असतं, पंधरा मिनिटं तरंगायचं असतं, दमलेल्या माणसाला १०० मीटर ओढत न्यायचं असतं. आमची पोरं हे हसत करतात आणि तिथेच वाटतं की जिंकलो.

मग पुढे काय असतं? सांगतो. सकाळी पर्यटक जेटीवर यायच्या आधी सिलिंडर भरलेले लागतात, २०० बार दाबापर्यंत. ती हवा भरणारा कॉम्प्रेसर हा या धंद्यातला खरा मालक. त्याचा फिल्टर वेळेवर बदलला नाही, किंवा हवा ओढायचा पाइप इंजिनाच्या धुराकडे राहिला, तर ती खराब हवा सिलिंडरमध्ये जाते आणि पाण्याखाली कुणाच्या तरी छातीत. वाऱ्याची दिशा बघून पाइप लावणं हेही करिअरच आहे, पण त्याचा फोटो कोणी इन्स्टाग्रामला टाकत नाही. मग फॉर्म भरून घेणं, दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, रात्री किती घेतली होती हे विचारणं. मग सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडपांवर, म्हणजे समुद्रातल्या खडकांवर, बोट लावून एकेकाला खाली नेणं, पाठीमागून त्याच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह धरून, त्याच्या कानांकडे, डोळ्यांकडे, बुडबुड्यांकडे बघत. मासे तो बघतो. मी त्याच्याकडे बघतो. संध्याकाळी वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचे रबरी कपडे, गोड्या पाण्यात धुणं. वेटसूटमध्ये लोक काय काय करतात ते विचारू नका, धुवायला आम्हीच असतो.

या सगळ्यात स्वतःची डाइव्ह कुठे असते? बहुतेक वेळा नसते. खेळाचा धंदा केला की तो खेळ बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या मालकीचा होतो. मला ते चालतं, कारण पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेणाऱ्या माणसाचा चेहरा बघायला मला खरोखर आवडतं. ज्याला ते आवडत नाही, ज्याला फक्त स्वतः खाली जायचंय, त्याने नोकरी-धंदा वेगळा करावा आणि रविवारी डाइव्ह मारावी. तो जास्त सुखी राहील.

आता कागदाचं, म्हणजे कोर्स करून मिळणाऱ्या कार्डाचं. इथे वाद होतो. "तुका पेवक येता मां, मगे तेचे पैसे कित्याक भरूचे?" स्वतःच्या समुद्रात उतरायला कुणाच्या तरी कार्डाची गरज काय, हा प्रश्न मला समजतो. ज्याच्या आजोबांनी ही खडपं नावानिशी ओळखली, त्याला परदेशी संस्थेच्या कोर्सचे पैसे भरायला लावणं जिवावर येतं. तरी माझं मत स्पष्ट आहे: भरा. आणि मध्येच थांबू नका.

पायऱ्या अशा आहेत. ओपन वॉटर, म्हणजे १८ मीटरपर्यंत. अॅडव्हान्स्ड, ३० मीटरपर्यंत. मग रेस्क्यू, म्हणजे अडचणीतल्या डायव्हरला वाचवणं. मग डाइव्हमास्टर, ज्याला वय १८ पूर्ण आणि नोंदवलेल्या ६० डाइव्ह लागतात. मग इन्स्ट्रक्टर, त्याला १०० डाइव्ह आणि परीक्षा. ही परीक्षा तुम्हाला शिकवणारा घेत नाही, बाहेरचा परीक्षक घेतो. त्यात भौतिकशास्त्र आहे, शरीरशास्त्र आहे. "अभ्यासात लक्ष नाय" म्हणून इकडे पाठवलेल्या पोराला इथे पुन्हा वायूंचे नियम भेटतात, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. खर्च सगळा मिळून काही लाखांच्या घरात जातो. हे पॅडी या संस्थेचं झालं, एसएसआय या दुसऱ्या संस्थेचंही साधारण असंच आहे. आणि यासाठी आता दूर जायला नको, पर्यटन महामंडळाची स्कुबा संस्था २०१५ पासून तारकर्लीतच आहे.

आमची पोरं बहुतेक डाइव्हमास्टरच्याही आधी थांबतात. कारण सीझनला हातात रोजचे पैसे दिसतात. दिवाळी, नाताळ, मे महिना, बोटीमागून बोट. गिऱ्हाईक कार्ड विचारत नाही. ज्याच्या हातात आपला जीव द्यायचा त्याच्याकडे काय शिक्षण आहे हे विचारणारा पर्यटक मी क्वचित पाहिलाय. विचारतात ते एवढंच: व्हिडिओ फ्री आहे ना? मग जेटीवर दर पाडायची स्पर्धा लागते, दर पडला की वेळ कापला जातो, वेळ कापला की समजावून सांगणं कापलं जातं. आणि त्या साखळीच्या शेवटाला जो पोरगा पाण्यात आहे त्याची मजुरी वाढत नाही ती नाहीच. पाच सीझननंतरही तो तिथेच असतो, फक्त कान जास्त दुखत असतात.

कार्ड असलेल्याला निदान बाहेर पडता येतं. आमचा समुद्र मे अखेरीस बंद होतो तो गणपतीच्या सुमारास उघडतो, पाणी स्वच्छ व्हायला ऑक्टोबर लागतो. चार महिने काय करणार? त्यातले सुरुवातीचे दोन महिने मासेमारीही बंद, त्यामुळे बोटीवरही काम नाही. इन्स्ट्रक्टरचं कार्ड थायलंडमध्ये चालतं, मालदीवमध्ये चालतं, इजिप्तमध्ये चालतं. पावसाळ्यात तिकडे काम करून बहिणीच्या लग्नाचा खर्च काढलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. ज्याला घर सोडायचं नाही त्याने इंजिन दुरुस्ती शिकावी, कॉम्प्रेसर शिकावा, घरच्या दोन खोल्या पर्यटकांना द्याव्यात. बारा महिने नुसत्या डाइव्हवर पोट भरेल असं मालवणात कोणी सांगत असेल तर त्याला जून महिन्यात भेटा.

अजून एक गोष्ट, जी कोणत्याही कोर्सपेक्षा उशिरा येते. नाही म्हणणं. सकाळी डाइव्ह आणि दुपारी गोव्यातल्या मोपाहून विमान, असं ठरवून येणारे लोक असतात. एका डाइव्हनंतरही बारा तास, आणि जास्त डाइव्ह असतील तर अठरा तास विमान टाळायचं असतं, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुडे करू शकतो. त्यांना पैसे परत करून "आज नाही" म्हणायचं. वारा वाढला तर भरलेली बोट रिकामी करायची. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले, ते आम्ही कोणीच विसरलेलो नाही. तरी दर मे महिन्यात "एक शेवटची ट्रिप मारूया" म्हणणारा कोणीतरी असतोच. अठरा-वीस वर्षांच्या पोराला पोटाच्या धंद्याला नाही म्हणायची ताकद कुठून येणार? शिक्षणाने थोडी येते, आणि मालकाने पाठीशी उभं राहिल्यावर उरलेली.

मुलींबद्दल कोणी फोन करत नाही, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. आमच्याकडच्या मुलीही पोहतात. बायका-मुली पर्यटक तर निम्म्याहून कमी नसतात, आणि त्यांना बाईमाणूस इन्स्ट्रक्टर मिळाली तर त्यांची निम्मी भीती बोटीवरच जाते. पाठवा की.

पुढे काम वाढणारच आहे. नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवती रॉकजवळच्या समुद्रात बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, तिथल्या प्रवाळांच्या अभ्यासाला डायव्हर लागतात. पण बुडालेल्या जहाजात शिरणं किंवा तळावर टेप लावून प्रवाळ मोजणं ही किल्ल्यामागे फोटो काढण्याच्या पुढची कामं आहेत. ती कामं निघतील तेव्हा इथली पोरं तयार नसतील तर माणसं बाहेरून येतील, आणि मग आपण चहाच्या टपरीवर बसून "स्थानिकांना डावललं" म्हणू.

तर काका लोकहो, आत्ता जूनमध्ये पोराला पाठवू नका, समुद्र बंद आहे. या चार महिन्यांत त्याला डॉक्टरकडे नेऊन कान, छाती तपासून घ्या, आणि इंग्रजी बोलायची भीती घालवा. ऑक्टोबरात पाठवा. पहिला महिना सिलिंडर उचलेल, वेटसूट धुवेल. दिवाळीनंतरही येत असेल, तर फीचं कसं जमवायचं ते आपण बसून बघू.